टायर नसलेल्या सायकली

आमच्या मंडळाच्या पंगतीत एक खेळ चालायचा. वाढपी भाताचं पातेलं उचलून आणायचे नाहीत, फरशीवरून ओढत आणायचे. दगडी फरशीवर पितळेचं बूड घासलं की निघणारा आवाज थेट दातांत शिरतो. पातेलं अज्जांच्या पानासमोर आलं की ओढणारा ओरडायचा, "पळा अज्जा, आले जपानी!" मग अख्खी ओळ हसायची. लाडू खाता खाता हसायची. अज्जा पानाकडे बघून मीठ भातात कालवत बसायचे, आणि कुणी फारच मागे लागलं तर कन्नडात 'बरं' म्हणायचे, "सरी, सरी. वाढ आता."

मी लहानपणी हे दर गणपतीला, दर मुंजीला, दर लग्नाला बघितलं. आपल्या लोकांना मऊ, सोशिक, परगावी एकमेकांना धरून राहणारे वगैरे म्हणतात. बंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेली आमची ही मराठी मंडळी एकमेकांना धरून राहायची ती अशी.

अज्जा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, आमच्या कापडाच्या दुकानामागच्या खोलीत राहायचे. त्यांचं लग्न झालं नाही. का, ते विचारलं की आई म्हणायची, "मुलगी कोण देणार होतं? सायकलीला भिऊन पळालेला माणूस." आईसुद्धा हे हसतच सांगायची.

गोष्ट सगळ्या पेटेला पाठ होती. महायुद्धात अज्जा मलायात होते, पूल उडवणाऱ्या तुकडीत. जपानी खाली उतरत होते, इंग्रज मागे हटत होते, आणि मागे हटताना एकेक पूल सुरुंग लावून उडवत होते. एका रात्री अज्जा पुलावर असताना रस्त्यावरून टँकांचा खडखडाट आला. अज्जा पळाले. पकडले गेल्यावर सकाळच्या उजेडात अज्जांनी बघितलं, टँक कुठेच नव्हते. सायकली होत्या. टायर नसलेल्या सायकली, नुसत्या लोखंडी रिमवर चालवत आणलेल्या. कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी स्वतःच हे हसत हसत सांगितलं. माणूस जिवंत परतला होता, त्याला हसू येत असणार. लोकांनी ते हसू उचललं आणि त्याच्याच पानात वाढत राहिले.

मंडळाच्या हॉलच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, एक फोटो होता. लष्करी टोपीतला एक तरुण. त्याच तुकडीतला, पेटेतलाच, अज्जांचा दोस्त. तो पुलावर लढता लढता गेला असं सगळे मानत. त्याला दर पंधरा ऑगस्टला नवा हार पडायचा. त्याची धाकटी बहीण म्हणजे आमच्या गल्लीतल्या अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. हाराचा मान त्यांचा. हार घालून झाला की खाली उतरताना त्या अज्जांच्या खुर्चीसमोरून जायच्या आणि बरोबर त्या ठिकाणी पदर आवरून घ्यायच्या.

एकाच पुलावरचे दोघे. एक भिंतीवर, एक पातेल्यासमोर.

मी कॉलेज संपवून पत्रकं वाटणाऱ्यांत गेले तो नव्वदच्या दशकाचा मध्य होता. शहरात पैसा येत होता, मोटारी येत होत्या आणि सायकलवाल्यांना मोठ्या रस्त्यांवरून हुसकून लावायची भाषा सुरू झाली होती. आम्ही पाचसात जण पीण्या वसाहतीतल्या कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहायचो. लेथवर उभे राहून पाय सुजलेले कामगार सायकली ढकलत बाहेर यायचे आणि आम्ही त्यांच्या हातात कन्नड पत्रक कोंबायचो. ज्याने मला पत्रक लिहायला शिकवलं तो म्हणायचा, पहिल्या ओळीत कानाखाली मार, दुसऱ्या ओळीत पुरावा दे, आणि वाक्याला भोक ठेवू नकोस; भोक दिसलं की मालक त्यात बोट घालतो. मी ते शिकले. अजून तसंच लिहिते. गोड वाटत नसेल तर नका वाचू.

महायुद्ध संपून पन्नास वर्षं होत होती, म्हणून मंडळाने एक व्याख्यान ठरवलं होतं. येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावरचे कुणी निवृत्त अधिकारी येणार होते, ते येत नाही म्हणाले. कार्यवाह आमच्या दुकानात आले. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आवाज भांड्यांसारखाच.

"तू माईकवर बोलतेस म्हणे गेटवर. मग आमच्याकडे बोल की. विषय काय घेशील?"

"लष्करी सायकली."

त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि पोट धरून हसले. "झकास! बोल. पॉलिटिक्स नको हां, स्वल्प मजा येऊ दे."

मी कामाला लागले. लायब्ररीत बसले, अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांत बोटं काळी केली. जितकं वाचलं तितकं डोकं फिरलं. सायकल गरिबाने कामावर जायला घेतली, आणि ती रस्त्यावर आल्या आल्या प्रत्येक सरदाराने तिच्याकडे बघून एकच हिशेब केला: हिला चारा लागत नाही आणि मेली तर कुजत नाही. आधी निरोपे बसवले. मग दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या युद्धात दोन्ही बाजूंनी टेहळणीला पाठवल्या. फ्रेंचांनी, इटालियनांनी घडी घालून पाठीवर बांधायच्या सायकली काढल्या, म्हणजे शिपायाने सपाटीवर सायकलवर बसायचं आणि डोंगरावर सायकलने त्याच्यावर. पहिल्या महायुद्धात पलटणीच्या पलटणी सायकलवर निघाल्या आणि चिखल नि काटेरी तारा लागल्यावर उतरून खंदकांत मेल्या. दुसऱ्यात इंग्रजांनी पॅराशूटवाल्यांना दुमडणारी सायकल दिली, म्हणजे आकाशातून पडून जो जिवंत राहील त्याने पुढे पेडल मारायचं. व्हिएतनामींनी सीटवर कुणाला बसवलंच नाही. हँडलला बांबू बांधला, दोन्ही अंगांना तांदळाची पोती लटकवली आणि जंगलातून ढकलत नेली. स्वित्झर्लंडात तर मी हे जमवत होते तेव्हाही सायकलवाल्यांची पलटण होती, आणि तिला नुकतीच नवी सायकल मिळाली होती. आपल्याकडे कॅन्टोन्मेंटात बघा: हिरव्या रंगाची सायकल, वर खाकीतला जवान, मागे कॅरियरला बांधलेला मेमसाहेबांचा भोपळा.

आणि मलाया. युद्धाच्या आधी जपानच तिथे स्वस्त सायकली विकत होता. म्हणून सैन्य आलं तेव्हा सुटे भाग गावागावांत तयार होते, आणि जे कमी पडलं ते लोकांच्या अंगणातून ओढून नेलं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. मी गाद्यांवर पुठ्ठे पसरून चित्रं रंगवत बसायचे. अज्जा कापडाचा गठ्ठा उसवत बाजूला बसलेले. मी जपानी सायकल काढत होते.

"टायर कशाला काढतेस?" ते म्हणाले.

"नसायचेच का?"

"असायचे. उन्हात फुटायचे. मग फेकायचे नि तसेच यायचे. आम्ही पूल उडवायचो, ते सायकल डोक्यावर घेऊन नदीतून यायचे. दुसऱ्या काठाला पुन्हा बसायचे. आम्ही कशासाठी उडवत होतो देव जाणे."

मी ब्रश खाली ठेवला. "आवाज कसा होता अज्जा?"

"कानात नाही येत तो. पायातून येतो. दोन्हीकडे रबराची झाडं, ओळीत लावलेली. आवाज एका ओळीवर आपटतो, दुसरीवर आपटतो, चारी बाजूंनी टँकच." त्यांनी गठ्ठ्याचा एक टाका उसवला. "आमच्यातल्या कुणी टँक बघितलाच नव्हता ग. आमच्या बाजूला एकही नव्हता. साहेबाने मैदानात फळ्यांचा एक सांगाडा करून दाखवला होता, टँक असा दिसतो म्हणून. आवाज कसा येतो ते सांगितलं नाही. मग लोखंड वाजलं की टँक. दुसरं काय समजणार?"

त्यांनी गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाले, "तू एक कर. हे माईकवर सांग. सगळे पळाले म्हणावं. साहेबसुद्धा पळाला, माझ्या पुढे होता. मी एकटा नव्हतो. तेवढंच. त्या हॉलमध्ये सांग, त्या लोकांना. मी मेल्यावर सांगून काय उपयोग?"

पन्नास वर्षांत त्या माणसाने कुणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही. हे मागितलं.

"सांगते," मी म्हणाले. "आणि फोटोतले? तेही पळाले?"

अज्जा उठले, शटरपाशी जाऊन बाहेर बघून आले. गल्लीत कुणी नव्हतं.

"तोच पहिला. 'टँक, टँक' तोच ओरडला. सुरुंगाची वायर त्याच्या हातात होती, ती टाकून पळाला. पूल तसाच राहिला. मागे आपलीच चौकी होती. काळोखातून कुणीतरी धावत येतंय बघितलं, त्यांनी घातली गोळी. मी त्याच्यावरून उडी मारून गेलो."

"आणि तुम्ही इथे येऊन सांगितलंत, लढता लढता गेला."

"मग काय सांगायचं होतं? त्याची आई दारातच बसलेली. अक्का परकरात होती." त्यांनी माझ्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "हे तू बोलायचं नाहीस."

"मग 'सगळे' कसं म्हणू? सगळ्यांतून एक वजा?"

"एक वजा. सरी?"

मी सरी म्हटलं नाही. वाक्याला भोक राहत होतं, आणि भोकात बोट घालणारा माणूस मला माहीत होता.

रविवारी सकाळी हॉल भरला. कॉफीची किटली, खुर्च्यांचा गोंगाट. मागच्या रांगेत पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटर कंपन्यांत आलेली नवी मुलं, मराठी ऐकायला मिळतंय म्हणून आलेली. पुढे अक्का, माईकवरून बघितलं तर बरोबर त्यांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीवर, तो फोटो. अज्जा कडेच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी दाढी दोनदा केली होती, हनुवटीला कापलं होतं.

कार्यवाहांनी माझी ओळख करून दिली आणि शेवटी जोडलं, "विषय सायकलींचा आहे. अज्जा, दार उघडं ठेवलंय हां, लागलं तर." हॉल हसला. अज्जाही हसले, पण आज जरा उशिरा.

मी बोलले. पुठ्ठे एकेक करून दाखवले. व्हिएतनामच्या बांबूला टाळी पडली, मेमसाहेबांच्या भोपळ्याला मोठी टाळी पडली. मलायापाशी आले. रबराची झाडं सांगितली, फळ्यांचा टँक सांगितला. मग म्हणाले, "तुम्ही ज्यावर पन्नास वर्षं हसताय, ते असं आहे. सैन्याने पोरांना टँक न दाखवता टँकांपुढे उभं केलं. पळाले ते सगळे पळाले. त्यांचा गोरा साहेबही पळाला, अज्जांच्या पुढे."

कुणी हसलं नाही. त्या क्षणी अज्जांचं काम झालं होतं. ते ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि समोर बघत होते. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

कार्यवाहांना ते सहन झालं नाही. खुर्चीतून न उठता त्यांनी अंगठा मागे केला, फोटोकडे. "सगळे? मग हे कोण, आमचे हे?"

"हेही," मी म्हणाले. "हेच पहिले. वायर टाकून."

कुणीतरी "शी" म्हणालं. मागून एक मुलगा कुजबुजला, "शिट यार, हेवी आहे हे." अक्कांनी मान वळवली नाही. त्यांच्या हातात व्याख्यानानंतर फोटोला घालायच्या हाराची पिशवी होती, ती त्यांनी मांडीवरून उचलून छातीशी धरली, एवढंच.

अज्जा उठले.

"खोटं आहे," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पोरगी कागद छापते. कागदाला पोट असतं, ते भरावं लागतं. तो पुलावर होता. हातात वायर होती. मी बघितलं. पळालो मी."

"आणि साहेब?" कार्यवाह.

"साहेबही तिथेच होता. मी पळालो. एकटा."

"अज्जा!" मी माईकमधूनच ओरडले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. धोतराचा सोगा खोचला आणि धावायला लागले. खरंच धावले, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, गुडघे वर घेत, हात हवेत, "टँक! टँक! अय्यो, टँक!" दारापर्यंत गेले, वळले, परत आले. सत्तरी उलटलेला माणूस. हॉल क्षणभर थबकला आणि मग फुटला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. कार्यवाहांनी मांडीवर थाप मारली, डोळे पुसले. कुणीतरी लोखंडी खुर्ची फरशीवरून घासली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने, आणि त्या खडखडाटात अज्जा तिसऱ्यांदा दारापर्यंत धावले. पुण्याचा तो मुलगा म्हणत होता, "सो क्यूट ना, हे अंकल!"

अक्का हसल्या नाहीत. दम लागून अज्जा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले तेव्हा त्या त्यांच्यासमोर गेल्या. या वेळी पदर आवरला नाही. म्हणाल्या, "निदान आज तरी चारचौघांत खरं बोललास."

"हो अक्का," अज्जा म्हणाले.

कार्यवाहांनी वक्त्यासाठी आणलेली शाल अक्कांच्या खांद्यावर घातली. हुतात्म्याची बहीण म्हणून. टाळ्या.

घरी जाताना मी चालत नव्हते, पाय आपटत होते. "तुम्हीच सांगितलंत ना मला? तुम्हीच मागितलंत ना? मिळालं होतं तुम्हाला. हातात आलेलं टाकून दिलंत."

"हळू चाल. दम लागतोय."

"मला खोटं पाडलंत सगळ्यांसमोर!"

"तू उद्या दुसरा कागद छापशील," ते म्हणाले. "तिला दुसरा भाऊ कुठला आणायचा?"

"आणि तुम्ही? तुमचं काय?"

"मला सवय आहे ग."

ह्या उत्तराला लोक मोठेपणा म्हणतील. मला तेव्हा राग आला आणि अजून येतो. सवय कुणी लावली? ज्या बाईसाठी हा माणूस धावला, तिने पन्नास वर्षं ह्याच्यासमोरून पदर आवरला. ज्यांच्यासमोर धावला, त्यांनी मुलीच्या बापांना सांगून सांगून ह्याचं लग्न मोडलं. त्यांना खरं ऐकायचं नव्हतंच. त्यांना हसायला एक माणूस आणि हार घालायला एक माणूस हवा होता, आणि दोन्ही माणसं त्यांना अज्जांनी पुरवली. फुकट.

त्या दिवसानंतर ते जास्तच बोलावले जाऊ लागले. गणपतीत पोरांच्या नाचानंतर एक कार्यक्रम ठरून गेला: अज्जांची धाव. होसकोट्याहून पाहुणे आले की त्यांच्यासाठी खास. "एकदा करून दाखवा अज्जा, ह्यांनी बघितलं नाही." ते करून दाखवायचे. एकदा पडले, गुडघा फुटला, आणि तो पडण्याचा भाग पुढच्या वर्षी लोकांनी मागून घेतला. मी मंडळात जाणं सोडलं. आई म्हणाली, "तुलाच फार लागतं. त्यांना आवडतंय की." कदाचित आईला तसं खरंच वाटत असेल. कदाचित शेवटी शेवटी आवडायलाही लागलं असेल. माणूस कशालाही टाळी समजायला लागतो.

ते गेले ते दुकानातच, गठ्ठ्याला टेकून बसल्या बसल्या. मंडळाने शोकसभा घेतली. मी गेले, कारण घरातलं कुणीतरी जायला हवं होतं. त्यांचा फोटो टेबलावर ठेवला होता; भिंतीवर लावायचा प्रश्नच नव्हता. कार्यवाह उठले. दोन वाक्यं धड बोलले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "यमदूत आले तेव्हासुद्धा अज्जांनी आधी विचारलं असेल, टायर आहेत का हो तुमच्या गाडीला?" लोक खाली माना घालून हसले. मग दोन मिनिटं उभे राहिले. त्या शांततेतही एकाला हसू आवरेना, तो खोकल्यासारखं करत होता.

अक्का पहिल्या रांगेत होत्या. बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मनाने वाईट नव्हता हो. भित्रा होता, बस."

मी त्यांना काही बोलले नाही. तिथे बोलले असते तर पुन्हा शब्दाला शब्द, आणि या वेळी धावून माझं तोंड बंद करायला कुणी नव्हतं. मला ते नीट, कागदावर हवं होतं, पहिल्या ओळीपासून.

म्हणून हे लिहिलं. अज्जांनी नको म्हटलं होतं, ते मला आठवतं. पण नको म्हणणारा माणूस सगळं देऊन गेला आणि घेणाऱ्यांनी आभारसुद्धा मानले नाहीत. मलायातल्या त्या पुलावरून सगळे पळाले. साहेब पळाला, अज्जा पळाले, आणि सगळ्यांच्या आधी, हातातली वायर टाकून, भिंतीवरचा तो पळाला आणि आपल्याच लोकांच्या गोळीने मेला. यात कुणाचीच लाज नाही. लाज असली तर ती हॉलमध्ये बसलेल्यांची आहे.

अक्का अजून आहेत. डोळ्यांनी अधू झाल्या, पण मराठी छापील काही आलं की शेजारणीकडून वाचून घेतात. हेही कुणीतरी वाचून दाखवेल.

दाखवू दे.